नेमणूकपत्राविना

परदेशी मिशनरी बाई म्हटली की मराठी ख्रिस्ती घरांत वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक मूर्ती उभी राहते. गोरा वर्ण, पायघोळ झगा, उन्हाची टोपी, अडखळत पण चिकाटीने बोललेले मराठी, आणि पाठीशी बोस्टन किंवा एडिनबरो येथे बसून पगार पाठवणारे व अहवाल मागणारे एक मंडळ. ही मूर्ती खोटी नाही. मिस सिंथिया फरार १८२७ मध्ये बोस्टनहून मुंबईस आल्या, पुढे अहमदनगरला गेल्या, मुलींच्या शाळा चालवत राहिल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच निवर्तल्या. त्यांच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांना मुलींच्या शिक्षणाची प्रेरणा मिळाली, सावित्रीबाईंनी त्यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले, आणि त्यामुळे त्यांचे नाव आपल्याकडे निदान चरित्रांच्या पानांत तरी टिकले. परंतु १८७९ च्या अखेरीस मुंबईच्या बंदरात अशी एक अमेरिकन बाई उतरली, जिला या चौकटीत कोणत्याच बाजूने बसवता येत नाही. ती काळी होती. ती मेरीलँड राज्यात गुलाम आईबापांच्या पोटी जन्मली होती. तिच्या पाठीशी कोणतेही मिशन मंडळ नव्हते, तिला पगार नव्हता, आणि पाळकपदाची दीक्षा तर कोणत्याही मंडळीने तिला कधीच दिली नाही. तरीही त्या काळातील अनेक दीक्षित पाळकांपेक्षा अधिक माणसांनी तिचे प्रवचन ऐकले असावे. तिचे नाव अमांडा बेरी स्मिथ.

मुंबईत त्या उतरल्या त्याच्या सहाच वर्षे आधी, १८७३ मध्ये, जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध करून ते अमेरिकेतील काळ्या माणसांच्या दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केले होते. ती अर्पणपत्रिका आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण तिच्यात ज्यांचे आभार मानले आहेत ते मुक्त करणारे लोक आहेत. मुक्त झालेल्यांपैकी एक व्यक्ती स्वतःच्या पायांनी याच किनाऱ्यावर आली होती, आणि ती दान मागायला नव्हे तर उपदेश करायला आली होती, ही गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली. ती कळल्यावर मी अमांडाबाईंचे आत्मचरित्र मिळवून वाचले. शिकागोहून १८९३ मध्ये निघालेले ते पुस्तक पाचशेहून अधिक पानांचे आहे, विस्कळीत आहे, मधल्या कित्येक पानांवर नुसत्या सभा, गावे आणि यजमानांची नावे आहेत. आणि तरी ते हातातून खाली ठेवता येत नाही, कारण लिहिणारीला आपण साहित्य लिहीत आहोत असे एकदाही वाटलेले दिसत नाही.

त्यांचा जन्म २३ जानेवारी १८३७ रोजी लाँग ग्रीन येथे झाला. वडील सॅम्युएल बेरी एका मालकाचे, आई मिरियम शेजारच्या शेतावरील दुसऱ्या मालकाची. दिवसभर मालकाचे काम करून वडील रात्री केरसुण्या आणि चटया बनवत व त्या बाल्टिमोरच्या बाजारात विकत; सुगीच्या दिवसांत तर मैलोन्‌मैल चालत दुसऱ्यांच्या शेतांवर जाऊन चांदण्यात पीक कापत. या पैशातून त्यांनी आधी स्वतःला विकत घेतले. पत्नी आणि मुले विकत घेण्याला मालकीणबाईंची तयारी नव्हती. पण त्या घरातील तरुण मुलगी विषमज्वराने अंथरुणाला खिळली, आणि मरताना तिने आपल्या माणसांकडून वचन घेतले की सॅमला त्याची बायकामुले विकत घेऊ द्यावीत. पुढे हे कुटुंब पेनसिल्व्हेनियात गेले आणि त्यांचे घर पळून आलेल्या गुलामांना आसरा देणारे एक ठिकाण बनले. अमांडाबाई ही हकीकत सांगताना मरणाऱ्या मुलीच्या अंतःकरणात पालट झाला याचे श्रेय आपल्या आईच्या आणि आजीच्या प्रार्थनांना देतात. मी वाचताना मात्र त्या केरसुण्यांपाशी थांबले. माणसाने आपल्याच हातांनी आपली किंमत जमवायची आणि तीही मालकाच्या वेळेतून नव्हे तर स्वतःच्या झोपेतून, या हिशेबात अमांडाबाईंचे पुढचे सारे आयुष्य आधीच लिहिलेले आहे असे मला वाटते. कोणाच्या देणग्यांची वाट पाहत बसायचे नाही, आणि देणगी आली तर ती देवाची म्हणून घ्यायची, हे त्यांनी बापाकडून उचलले असावे.

शाळा त्यांच्या वाट्याला सारी मिळून तीन महिन्यांची आली. गोऱ्या मुलांचे धडे संपल्यावर वेळ उरला तर मास्तर काळ्या मुलांकडे वळत, आणि त्या उरलेल्या वेळासाठी पाच मैलांहून अधिक चालत जावे लागे. खरे वाचन त्या घरीच शिकल्या: वडील आणत त्या वर्तमानपत्रांतील मोठी अक्षरे कापून खिडकीत मांडायची आणि आईला ती जोडून शब्द करायला सांगायचे. तेरा भावंडांत थोरली असल्याने त्या लवकरच लोकांच्या घरी कामाला लागल्या. लग्न सतराव्या वर्षी झाले. नवरा व्यसनी होता. तो यादवी युद्धात गेला आणि परत आला नाही.

दुसऱ्या लग्नाची गोष्ट मात्र रेंगाळण्यासारखी आहे. फिलाडेल्फियाचे जेम्स स्मिथ हे आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल या काळ्या लोकांच्या स्वतंत्र मंडळीत सेवक (डीकन, म्हणजे पाळकपदाच्या खालची पायरी) होते आणि आपण लवकरच पाळक होणार असे सांगत. अमांडाबाईंना त्याआधी, १८५५ च्या एका मोठ्या आजारात, आपण उघड्या मैदानात व्यासपीठावर उभ्या राहून अफाट समुदायाला उपदेश करत आहोत असे दर्शन घडले होते. त्या दर्शनाचे काय करायचे हे त्यांना उमगत नव्हते. काळी स्त्री, त्यातून मोलकरीण. ती उपदेश करणार तो कुठे आणि कोणाच्या परवानगीने? एकच वाट डोळ्यांसमोर होती, ती म्हणजे पाळकाची बायको होणे. पाळकाच्या बायकोला बायकांच्या सभा घेता येतात, आजाऱ्यांकडे जाता येते, चार शब्द बोलता येतात. त्या विचाराने त्यांनी लग्न केले. लग्नानंतर जेम्सना पाळक व्हायचेच नाही असे निष्पन्न झाले. या फसवणुकीबद्दल अमांडाबाई फार थोडक्यात लिहितात, पण पुढील काही वर्षांचे चित्र त्यांच्याच पानांवर आहे: न्यूयॉर्कमधील तळघरातील दमट खोली, घाऊक धुणे आणि इस्त्री, एकेक करून दगावलेली मुले. पाच अपत्यांपैकी मेझी नावाची एकच मुलगी मोठी झाली. नवरा १८६९ मध्ये वारला, आणि त्याच सुमारास अमांडाबाई न्यूयॉर्क व न्यू जर्सीमधील काळ्यांच्या मंडळ्यांत उभ्या राहून बोलू लागल्या. पाळकाची पत्नी होऊन जे मिळाले नाही ते विधवा झाल्यावर मिळाले, असे म्हटले तर कठोर वाटेल, पण घडले तसेच.

मेथडिस्ट लोकांत त्या वेळी पवित्रीकरणाच्या चळवळीची लाट आली होती. तारणानंतर अंतःकरण संपूर्ण शुद्ध होण्याचा दुसरा एक अनुभव माणसाला याच आयुष्यात मिळू शकतो, अशी तिची शिकवण होती. त्यासाठी उन्हाळ्यात रानात तंबू ठोकून आठ-आठ, दहा-दहा दिवसांचे मेळावे भरत. या शिकवणीत एक फट होती, आणि स्त्रिया त्या फटीतून आत शिरल्या. पवित्र आत्मा ज्याच्यावर उतरेल त्याने साक्ष द्यायची असेल, तर साक्ष देणारा पुरुष आहे की स्त्री, काळा आहे की गोरा, शिकलेला आहे की अडाणी, हा प्रश्न गौण ठरतो. साक्ष कुठे संपते आणि प्रवचन कुठे सुरू होते हे कोणी मोजत बसत नाही. अमांडाबाईंनी १८६८ मध्ये हा अनुभव घेतला आणि दोन-तीन वर्षांत त्या गोऱ्यांच्या मेळाव्यांत गाणारी व बोलणारी स्त्री म्हणून गाजल्या. त्यांचा आवाज मोठा आणि भरदार होता. अंगात क्वेकर या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातील बायकांसारखा पोशाख आणि डोक्यावर तशीच पुढे आलेली टोपी असे.

या गाजण्याला एक बोचरी बाजू होती. मेन राज्यातील एका मेळाव्यात लोक दिवसभर त्यांच्याभोवती गोळा होऊन त्यांना न्याहाळत राहिले, तंबूपर्यंत मागे आले, जणू जत्रेत आणलेला कोणी प्राणी असावा. त्यांनी एकांतात जाऊन प्रार्थना केली आणि नंतर, पाहायचे तर नीट पाहा, अशा निश्चयाने सर्वांसमोर येऊन बसल्या. पवित्रीकरणाची कृपा म्हणजे काय हे काही लोकांना चोवीस तास काळे होऊन पाहिल्यास अधिक चांगले समजेल, असे त्यांनी एके ठिकाणी लिहिले आहे. तुम्हाला गोरे व्हायला आवडेल का, असे विचारणाऱ्यांना त्यांचे उत्तर होते की देवाने दिलेला हा पक्का राजवर्णी काळा रंग आम्हाला पसंत आहे. दुसरीकडे त्यांच्याच समाजातील काही लोक त्यांना गोऱ्यांची लाडकी म्हणून टोचत. दोन्ही बाजूंच्या या शब्दांची त्यांनी शांतपणे नोंद केली आहे, आणि ती शांतता मला प्रत्येक वेळी खरी वाटत नाही; काही ठिकाणी ती ओठ आवळून लिहिलेली आहे.

आता नॅशव्हिलविषयी. आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल मंडळीची सर्वसाधारण परिषद १८७२ मध्ये तेथे भरली, गुलामगिरीच्या जुन्या मुलखात. अमांडाबाईंनी स्वतःच्या पैशाने जायचे ठरवले. प्रवासाला खर्च किती येईल असे त्यांनी विचारले मात्र, आणि कुजबुज सुरू झाली: ही बाई तिथे कशाला येते? स्त्रियांना दीक्षा द्या म्हणून गोंधळ घालायला येत असणार. परिषदेला आलेल्या बायका रेशमी पोशाखांत होत्या, आणि या साध्या टोपीतील बाईकडे त्यांनी पाहिले न पाहिल्यासारखे केले. मग एके दिवशी फिस्क विद्यापीठाच्या प्रसिद्ध गायकवृंदाचा कार्यक्रम झाला. वृंदाचे प्रमुख जॉर्ज व्हाइट अमांडाबाईंना ओळखत होते. त्यांनी गर्दीतून त्यांना हेरले, पुढे बोलावले आणि गायकांबरोबर गायला लावले. त्यानंतर लोकांची वागणूक बदलली. दीक्षेच्या प्रश्नाबाबत मात्र त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे की तो विचार आपल्या मनातही नव्हता. ‘तुम्ही मला निवडले नाही, तर मी तुम्हांला निवडले आणि नेमले आहे’ या योहानाच्या शुभवर्तमानातील वचनाने आपली नेमणूक आधीच झाली आहे.

हे उत्तर मी प्रथम वाचले तेव्हा मला आमच्या मावशीआजीची आठवण झाली. ती आईची मावशी. मिशनच्या जुन्या वहीत ज्यांना ‘बायबल वुमन’ म्हणत त्यांच्यापैकी ती शेवटच्या पिढीतली. वस्त्यावस्त्यांवर पायी जाऊन तिने बायकांना गीते शिकवली, बाळंतिणींची विचारपूस केली, मरणाऱ्यांच्या उशाशी बसून स्तोत्रे म्हटली. पवित्र शास्त्र तिला अनेक पाळकांपेक्षा अधिक पाठ होते. पण पाळकसाहेब बाहेरगावी असले की रविवारच्या उपासनेत छापील प्रवचन वाचायला मंडळीचे एखादे वडील उभे राहत, आणि ते अडखळले की पहिल्या बाकावरून मावशीआजी हळूच पुढचा शब्द सांगे. तिला कोणी व्यासपीठावर बोलावले नाही आणि तिनेही ते मागितले नाही. आम्ही मुलींनी कधी तिच्यापाशी हा विषय काढलाच तर ती म्हणे, ‘अगं, ज्याने बोलावलं त्याला ठाऊक आहे, माणसाची चिठ्ठी कशाला हवी?’ लहानपणी हे उत्तर मला फार तेजस्वी वाटे. पुढे त्याचा राग येऊ लागला. कारण ज्यांच्या हातांत चिठ्ठ्या होत्या त्यांना हे उत्तर फारच सोयीचे होते.

अमांडाबाईंच्या बाबतीत तो राग तसाच्या तसा लागू करता येत नाही, आणि म्हणूनच त्या मला गुंतवून ठेवतात. दीक्षा नाही याचा त्यांनी व्यवहारात उपयोग करून घेतला. दीक्षित पाळकाला बिशप सांगेल त्या गावी जावे लागते, आपल्या पंथाच्या हद्दीत राहावे लागते. यांना कोणीच कुठे नेमलेले नव्हते, त्यामुळे त्या कुठेही जाऊ शकत होत्या. १८७८ च्या जूनमध्ये फिलाडेल्फियाहून ‘ओहायो’ नावाच्या आगबोटीने त्या लिव्हरपूलकडे निघाल्या, तेव्हा बोटीवर रविवारची उपासना चालवायला कोणी पाळक नाही म्हणून कप्तानाने त्यांनाच विचारले. इंग्लंडमध्ये त्या थोड्या मुदतीसाठी गेल्या होत्या. मायदेशी परतल्या त्या १८९० मध्ये.

इंग्लंडहून युरोप व इजिप्तमार्गे त्या मुंबईस पोहोचल्या. तेथील मेथडिस्ट मंडळी त्या वेळी जेमतेम आठ वर्षांची होती आणि तिचा पायाच वेगळा होता. विल्यम टेलर या भटक्या अमेरिकन उपदेशकाने ती मायदेशच्या मंडळाच्या पैशावर नव्हे, तर येथल्याच लोकांच्या वर्गणीवर उभी केली होती. जॉर्ज बोवेन हे त्या मंडळीतील आणखी एक विलक्षण गृहस्थ. ते १८४८ पासून मुंबईत होते, मिशनचा पगार त्यांनी आल्यावर थोड्याच काळात सोडून दिला होता आणि देशी वस्तीत अत्यंत कमी खर्चात राहत होते. पगाराविना देवाचे काम करणारा माणूस म्हणजे वेडा किंवा लबाड, असे जिथे कोणी म्हणू शकत नव्हते अशा फार थोड्या शहरांपैकी तेव्हाचे मुंबई होते. अमांडाबाई योग्य ठिकाणी आल्या होत्या.

त्यांच्या भारतातील टिपणांत मुंबईखेरीज वऱ्हाडातील वाशीम येते, बंगळूर व कोलारचे अनाथालय येते, नैनिताल येते, कलकत्ता व ब्रह्मदेश येतो. वाशीमचे नाव वाचून मला गंमत वाटली, कारण मिशनच्या इतिहासात आपल्याकडे नगर, जालना, पुणे, मिरज हीच नावे वारंवार येतात. मात्र त्यांच्या सभांतून कोण बसत असे हे लक्षात ठेवले पाहिजे. त्यांना एकही भारतीय भाषा येत नव्हती. श्रोते मुख्यतः इंग्रजी जाणणारे होते: युरोपीय, अँग्लो-इंडियन, सैनिक, रेल्वेतील व कचेऱ्यांतील कुटुंबे, आणि काही शिकलेले हिंदी लोक. मराठी कुणब्याच्या किंवा महारवाड्यातील माणसाच्या दाराशी त्या पोहोचल्या नाहीत. येथील देवळांबद्दल आणि धर्मांबद्दल त्या ज्या भाषेत लिहितात ती त्या काळच्या कोणत्याही मिशनरी मासिकाची भाषा आहे. अंधार, मूर्ती, बिचारे लोक. जिच्या जातीला दोनशे वर्षे रानटी ठरवून बाजारात विकले गेले, तिने दुसऱ्या देशातील माणसांना त्याच चष्म्यातून पाहावे याचे मला वाईट वाटते, आणि ते मी झाकून ठेवणार नाही. जे फुल्यांना नगरमध्ये आणि पुण्यात दिसत होते, की दास्याची जात एकच असते, ते पाहण्याइतका वेळ किंवा तशी नजर अमांडाबाईंपाशी नव्हती.

तरी त्यांचे येथे असणे हीच एक घटना होती. कलकत्त्यात जेम्स थोबर्न यांची भली मोठी मेथडिस्ट मंडळी होती. गुलामगिरीत जन्मलेली काळी स्त्री बोलणार म्हणून प्रथम कुतूहलाने लोक आले, पण थोबर्न लिहितात की नवलाई ओसरल्यावरही गर्दी ओसरली नाही. त्यांनी एक प्रसंग नोंदवला आहे. उघड्या मैदानावर सभा चालू होती, तेवढ्यात विरोधकांचा मोठा जमाव आरडाओरडा करत, धमकावत चालून आला. अमांडाबाई गवतावर गुडघे टेकून प्रार्थना करू लागल्या. गर्दी गप्प झाली. जित आणि जेत्यांच्या त्या शहरात गोऱ्या पाळकाच्या शेजारी एक काळी बाई गवतावर गुडघे टेकून बसली आहे आणि सभेची सूत्रे तिच्या हातांत आहेत, हे दृश्य पाहणाऱ्यांनी त्याचा काय अर्थ लावला असेल याचा विचार मी पुष्कळदा करते. त्यांच्यापैकी बहुतेकांना त्या प्रार्थनेतील इंग्रजीपेक्षा हे दृश्यच अधिक समजले असेल.

त्याच सुमारास, १८८० च्या मे महिन्यात, अमेरिकेत सिनसिनाटी येथे मुख्यतः गोऱ्यांच्या मेथडिस्ट एपिस्कोपल मंडळीची सर्वसाधारण परिषद भरली. अॅना ऑलिव्हर आणि अॅना हॉवर्ड शॉ या दोघी धर्मशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेल्या स्त्रिया. त्यांनी दीक्षा मागितली. परिषदेने ती नाकारली, आणि इतक्यावर न थांबता स्त्रियांना स्थानिक उपदेशक म्हणून आधी जे परवाने दिले जात तेही बंद केले. म्हणजे ज्यांनी मागितले त्यांचे होते तेही गेले, आणि जिने कधी मागितलेच नाही ती त्याच मंडळीच्या भारतातील व्यासपीठांवर प्रवचने देत हिंडत होती. हे शेजारी ठेवून पाहिल्यावर मावशीआजीच्या उत्तरातील शहाणपण मला पुन्हा दिसू लागते. पण ऑलिव्हर आणि शॉ यांनी मागितले नसते, नकार पदरात घेतला नसता, तर पुढे कधी कोणाला काही मिळाले असते का? अमांडाबाई ज्या वाटेने गेल्या ती वाट त्यांच्या मागे लगेच बुजली. त्यांच्याइतका आवाज, त्यांच्याइतकी तब्येत आणि त्यांच्याइतके निबर मन असलेल्या बाईलाच तिच्यावरून चालता येणार होते.

जानेवारी १८८२ मध्ये त्या पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियात मनरोव्हिया येथे पोहोचल्या आणि तेथे आठ वर्षे राहिल्या. आफ्रिकेसाठी आपल्या मेझीला तयार करावे, ती शिकून तिथे मिशनरी म्हणून जाईल, असे त्यांचे जुने स्वप्न होते. मुलीने स्वतःचा संसार मांडला आणि आई स्वतः गेली. अमेरिकेतून परत पाठवलेल्या काळ्या लोकांनी वसवलेला हा देश. तेथील सत्ता या परतून आलेल्यांच्या हाती, आणि क्रू, बासा अशा मूळच्या जमाती पायरीखाली. अमांडाबाईंनी किनाऱ्यावरील वस्त्यांतून दारूबंदीच्या शपथा देणाऱ्या मंडळ्या स्थापन केल्या, मुलांना दारूपासून दूर ठेवणारे ‘बँड ऑफ होप’ हे गट चालवले, मुलींच्या शिक्षणाबाबत तेथील पुढाऱ्यांची उदासीनता पाहून त्या चिडल्या. हिवतापाने त्यांना पुन्हापुन्हा लोळवले. १८८५ पासून विल्यम टेलर बिशप म्हणून आफ्रिकेत आले आणि त्यांच्या कामात अमांडाबाईंनी हातभार लावला. फ्रान्सिस नावाची बासा मुलगी आणि बॉब नावाचा क्रू मुलगा त्यांनी आपलेसे केले. बॉबला त्यांनी शिक्षणासाठी इंग्लंडला नेले.

आफ्रिकेवरील पाने मला भारतावरील पानांपेक्षा कितीतरी अधिक प्रामाणिक वाटतात. अमेरिकेतील गरीब काळ्या लोकांना सोनेरी आश्वासने देऊन येथे पाठवणाऱ्यांवर त्यांनी कोरडे ओढले आहेत, कारण उतरल्यावर त्या लोकांचे काय होते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. आणि गोरे मिशनरी निघून गेले की शाळा ओस पडतात, असे नोंदवताना त्यांनी लगोलग दुसरी गोष्टही लिहिली: काळा माणूस कितीही कर्तबगार असला तरी नवख्या आणि अकुशल गोऱ्याला मिळतो तितका पगार कोणतीही मंडळी किंवा संस्था त्याला देत नाही, आणि काम मात्र अधिक मागते. हे वाक्य पगार न घेणाऱ्या बाईचे आहे हे विसरता येत नाही. स्वतःसाठी त्यांनी हा प्रश्न उभा केला नाही. इतरांसाठी तो त्यांना स्वच्छ दिसत होता.

त्या आफ्रिकेत असतानाच, १८८५ मध्ये, त्यांच्या मूळ मंडळीतील बिशप हेन्री मॅकनील टर्नर यांनी सेरा अॅन ह्यूज या स्त्रीला सेवकपदाची दीक्षा दिली, आणि १८८७ मध्ये मंडळीने ती रद्द करून टाकली. शेजारच्या आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल झायन मंडळीत १८९८ मध्ये मेरी स्मॉल यांना पूर्ण पाळकपद मिळाले. भारताच्या बाबतीत सांगायचे तर दक्षिण भारत मंडळीत १९७६ पासून स्त्रियांना पाळकपद मिळू लागले आणि २०१३ मध्ये पुष्पा ललिता या बिशप झाल्या. मावशीआजी तोपर्यंत नव्हती. असती तर तिला आनंद झाला असता असे माझ्या बहिणीचे म्हणणे आहे. मला वाटते, तिने बिशपबाईंचे प्रवचन लक्ष देऊन ऐकले असते आणि कुठे वचन चुकले तर पहिल्या बाकावरून सांगितले असते.

परतल्यावर अमांडाबाईंनी शिकागोजवळ हार्वी येथे काळ्या अनाथ मुलांसाठी आश्रम काढला. तो १८९९ मध्ये उघडला, तेव्हा त्यांचे वय बासष्ट होते. आयुष्यभर ज्याला टाळले ते सारे आता अंगावर आले: विश्वस्त, हिशेबवह्या, राज्याचे तपासनीस, गळके छप्पर आणि कर्ज. एकट्या बाईने गुडघे टेकून मैदान शांत करणे वेगळे आणि महिन्याच्या शेवटी किराणा भरणे वेगळे. त्यांनी ते काम तेरा वर्षे रेटले, १९१२ मध्ये फ्लोरिडातील सेब्रिंग येथे एका हितचिंतकाने दिलेल्या घरात जाऊन राहिल्या, आणि २४ फेब्रुवारी १९१५ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. आश्रमाची इमारत त्यानंतर तीन वर्षांनी जळाली.

आत्मचरित्राला प्रस्तावना आहे ती कलकत्त्याच्या त्याच थोबर्नांची. ते १८८८ मध्ये भारताचे मिशनरी बिशप झाले होते. त्यांनी लिहिले आहे की उपदेशक म्हणून मला खरोखर उपयोगी पडले असे जे काही मी शिकलो, ते इतर कोणाही एका व्यक्तीपेक्षा अमांडा स्मिथ यांच्याकडून अधिक शिकलो. त्या बिशपांच्या मंडळीने स्त्रियांना पाळकपदाचे पूर्ण अधिकार दिले ते १९५६ मध्ये. १८९३ मध्ये मात्र अमांडाबाईंना त्या प्रस्तावनेचा एक रोकडा उपयोग होता: बिशपांची सही पाहून पुस्तक खपत असे, आणि खपलेल्या पुस्तकाचा पैसा पुढे हार्वीला निघालेल्या आश्रमासाठी बाजूला पडत असे.